मंदामावशीचे डोळे

माणसाच्या कानाला वास येतो. पायांच्या वासाबद्दल लोक बोलतात, काखेच्या आणि तोंडाच्या वासावरून टोमणे मारतात, पण कानाचं नाव कुणी काढत नाही, कारण दुसऱ्याच्या कानाशी नाक न्यायची वेळ सहसा कुणावर येत नाही. माझ्यावर ती रोज यायची, दिवसाला पंधरा-वीस वेळा. वाहत्या कानाला माळ्यावर मरून पडलेल्या उंदरासारखा वास येतो. तेल घालून घालून तुंबलेला कान खवट शेंगदाण्यासारखा वास मारतो. जुना मळ निघाला की त्याला ओल्या चामड्याचा वास असतो. मी सतरा वर्षांची होते आणि मला या सगळ्याची किळस यायची. आता चाळिशी मागे पडली, अजून त्याच कामात आहे, आणि किळस अजून येते. सवय होते म्हणतात, ते खोटं आहे. सवय होते ती तोंडावर काही न दिसू द्यायची.

राहात्याला मी आले ती स्वतःचाच असा कान घेऊन. आमची वस्ती खर्ड्याच्या पलीकडे, माळरानाची. दसरा झाला की आई आणि वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. शाळा माझी दरवर्षी अर्धीच व्हायची, आणि सातवीत ती अर्ध्यावरच राहिली. त्या साली टोळी राहात्याकडच्या फडावर होती. माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आईने लसणाचं तेल घातलं, कुणी सांगितलं म्हणून रुईचं पान पिळलं, आणि एका म्हातारीच्या सांगण्यावरून शेळीचं मूतसुद्धा कोमट करून घातलं. ते कानातून गळ्यात उतरल्याची चव मला अजून आठवते. शेवटी कान इतका ठणकायला लागला की उसाच्या गाडीवर बसवून आई मला गावात घेऊन आली. रस्त्याला पाटी दिसली, कानाचं चित्र असलेली. तिथे मॅडम होत्या.

मॅडम कान तपासायच्या. ऐकू किती येतं, चक्कर कशाने येते, तोल का जातो, हे बघणं त्यांचं काम. औषध-ऑपरेशनचं असेल तर त्या कानाच्या डॉक्टरकडे पाठवायच्या. मला त्यांनी खुर्चीत बसवलं, बॅटरीने आत पाहिलं आणि अर्धा तास कापसाच्या बोळ्यांनी कान कोरडा करत बसल्या. बोळे हिरवे-पिवळे होऊन बादलीत पडत होते. मी कानाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हललं नाही. नाक आवळलं नाही, भुवई चढली नाही. माझ्या सख्ख्या आईनेही माझं डोकं इतकं जवळ घेऊन इतका वेळ धरलं नव्हतं, तिला वेळच नसायचा. मोसम संपता संपता मॅडमना हाताखाली मुलगी हवी होती, आणि आईने मला तिथे ठेवलं. जाताना ती मॅडमच्या पाया पडायला वाकली, मॅडम मागे सरकल्या, आणि आईचे हात फरशीलाच लागले.

खाली दवाखाना, वर घर. मला मागच्या खोलीत पलंग मिळाला. पलंगावर मी पहिल्यांदाच झोपत होते. घरात मॅडम आणि त्यांचे सासरे अण्णा, दोघंच. मॅडमचे यजमान बाहेरच्या राज्यात नोकरीला, सणावारी यायचे. अण्णांना ऐकू येत नव्हतं आणि ते त्यांना मान्य नव्हतं. सुनेने आणलेलं ऐकण्याचं मशीन मोज्यात गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवलं होतं. "मला सगळं ऐकू येतं, तुम्ही पुटपुटता त्याला मी काय करू?" असं ते गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचे. टीव्हीच्या बातम्या आमच्या घरातून समोरचा किराणावालाही ऐकायचा. अख्ख्या तालुक्याचे कान तपासणाऱ्या बाईच्या घरात सकाळी "चहा झाला का" एवढं विचारायला तीनदा ओरडावं लागायचं. मॅडम ओरडायच्याही, अगदी शांत चेहऱ्याने.

खाणं बदललं. घरी बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा. इथे पोळ्या, वरण-भात, आणि हंगामात पेरू. पेरूचा वास सगळ्या घरभर भरून राहायचा. पेरूची भाजी करतात, गूळ आणि तिखट घालून, हे मला तिथे कळलं. ती मला फार आवडायची. वरण मात्र गिळायचं नाही. घट्ट, पिवळं, वर तुपाची चकती. सकाळभर जे कापसाला पुसलं तेच ताटात वाढलंय असं वाटायचं. पण मॅडम स्वतःच्या हाताने वाढायच्या, "घे गं, लाजू नकोस" म्हणायच्या, आणि मी घ्यायचे. सहा-सात वर्षं मी ते वरण खाल्लं. नको म्हटलं तर परत पाठवतील, हे रोज डोक्यात असायचं. कप फुटला तरी मी आधी मनात कपड्यांची घडी घालायचे.

काम मी भराभर शिकले. रोग्याला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर आवाजाची यंत्रं चढवायची, "बारीक जरी ऐकू आलं तरी बोट वर करा" म्हणून सांगायचं. मॅडम बाहेर मशीनवर. एकेक आवाज खाली खाली आणत त्या कागदावर खुणा करायच्या. मळ भिजवायला थेंब घालणं, कान पुसणं, सामान उकळणं, चक्करवाल्याची तपासणी चालू असताना त्याच्या तोंडाखाली भांडं धरणं, हे माझं. कानातून काय काय निघालेलं मी पाहिलंय! हरभऱ्याची डाळ भिजून मोड आलेली. माळेतला मणी. काडीपेटीच्या काडीचं टोक. लसणाची पाकळी, फुगून मऊ झालेली. एका गुराख्याच्या कानातून जिवंत गोचीड, रक्त पिऊन टम्म. मॅडमनी तो चिमट्यात धरून त्याला दाखवला. "तरीच म्हटलं आत कोण बोलतंय," तो म्हणाला. मॅडम हसल्या. मी मोरीत जाऊन आले.

पण पुवापेक्षा, गोचिडापेक्षा मला किळस यायची ती ढोंग्यांची. तेव्हा बहिरेपणाचं सर्टिफिकेट काढायला लोक यायचे. बदली टळावी, नोकरीत सवलत मिळावी म्हणून. इस्त्रीचे कपडे, अत्तर, स्वच्छ कान. दारातून येताना बायकोशी हळू आवाजात बोलत येणार, आणि खुर्चीत बसले की कानाला हात लावून "आँ?" करणार. मॅडमनी मला त्यांना पकडायला शिकवलं. दोन्ही कानांत एकदम एकच आवाज सोडायचा, ज्या कानाने ऐकू येत नाही म्हणतो त्यात जरा मोठा. ज्याचा कान खरंच गेलाय तो बिचारा चांगल्या कानाने ऐकतो आणि बोट वर करतो. ढोंग्याला मात्र आवाज नेमका 'बहिऱ्या' कानातच आल्यासारखा वाटतो, म्हणून तो गप्प बसतो. गप्प बसला की सापडला. हळूहळू मशीन लावायच्या आधीच मी ओळखायला लागले. एकदा एका गुरुजींना मी पाठमोरी असतानाच म्हटलं, "सर, पेन पडलं तुमचं," आणि ते खाली वाकले. मॅडम म्हणाल्या, "नंदा, तुला हे चांगलं जमतं." ते वाक्य मी कित्येक दिवस मनात घोळवलं. मला काहीतरी चांगलं जमतं, हे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. त्यानंतर मला ढोंगं जरा जास्तच दिसायला लागली.

मी सतराची होते त्या साली थंडी पडली, उसाच्या गाड्या सुरू झाल्या. रस्त्याने बैलांच्या घुंगरांचा आणि ट्रकांचा आवाज दिवसभर. आमच्याकडच्या टोळ्या गावाबाहेर उतरल्या. आई-दादा त्या साली दुसऱ्याच कारखान्याला, लांब दक्षिणेला गेले होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. बाजारात तोडीच्या बायका दिसल्या, डोक्याला फडकं बांधलेल्या, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, की मी रस्ता बदलायचे. त्यांचं बोलणं ऐकू आलं की अंगावर काटा यायचा, कारण ते माझंच बोलणं होतं आणि ते सोडायला मला दोन वर्षं लागली होती.

त्या दिवशी मॅडम कामाला नगरला गेल्या होत्या, चारला येणार होत्या. बाकावर चार-पाच रोगी बसले होते. दाराशी मोटारसायकल थांबली आणि एक माणूस आत आला. पांढरा सदरा, खिशात तेव्हा नुकताच आलेला मोबाईल, सगळ्यांना दिसेल असा. दगडू, टोळीचा मुकादम. त्याच्या मागे एक तोडीची बाई, चाळिशीची असेल, भिंतीला हात लावत लावत.

"मॅडम कुठंय?"

"नगरला गेल्यात. चारला येतील."

"चारपत्तुर कोन थांबतंय? दोन गाड्या भरायच्या हायत. ही फळीवर चढंना झालीय. मोळी डोक्यावर घेतली का म्हनती, फिरतंय. दोन दिस झालं कोपीत पडून हाय. चक्कर हाय का नाटक, तेवढं बघून सांगा. चक्कर आसंल तर दुसरा कोयता बघतो, ह्यांना गावाकडं लावून देतो."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन आडव्या फळीवरून ट्रकमध्ये चढवते. बाई चढेना म्हणजे कोयता मोडला. ती बाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आगं, तू शकूची नंदा न्हव?" ती एकदम म्हणाली. "मी मंदामावशी. खालच्या वस्तीवरची. तुज्या आईची आन् माजी एकच टोळी हुती. तू एवढीशी हुतीस, शकू फडात आसली का तुला मीच घेत हुते पाजायला. माज्या पोराच्या वाटनीचं पेलीस तू, लई खादाड हुतीस!"

बाकावरची माणसं हसली. एक बाई आपल्या मुलीला कोपराने खुणावत माझ्याकडे बघायला लागली. आणि मला, देवाशपथ सांगते, आनंद झाला नाही. मला किळस आली. तो काळा ओघळलेला पोलक्याचा गळा, मानेवर मळाच्या रेघा, मिश्रीने काळे पडलेले दात, आणि हिच्या अंगावर मी दूध प्यायले.

"आपल्यातलीच हाय व्हय!" मुकादम म्हणाला. "मंग काय नंदाबाई, डाक्टरीन झालीस का आजून झाडूच मारतीस?"

चारला या, एवढंच मला म्हणायचं होतं. मी मंदामावशीला आत घेऊन गेले.

चक्करची तपासणी मी शेकडो वेळा पाहिली होती. रोग्याला पलंगावर पाय पसरून बसवायचं, मान एका बाजूला वळवायची, आणि झटक्यात मागे आडवं करायचं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर जरासं खाली. डोळे उघडे ठेवायला सांगायचं आणि डोळ्यांकडे बघत राहायचं. सगळं डोळ्यांत असतं. दोन-चार क्षण काही नाही, मग बुबुळं झटके मारत फिरायला लागतात, दहा-पंधरा श्वास फिरतात आणि थांबतात. ते नाटकाने जमत नाही, कितीही शहाणा ढोंगी असला तरी. मॅडम एकच गोष्ट सांगायच्या: नजर हलवायची नाही.

"कधी फिरतं?" मी विचारलं.

"वर बघितलं का. आन् ह्या कुशीवर झाले का," तिने उजवा खांदा दाखवला. "सगळं आभाळ फिरतंय. मग थांबतंय आपलं आपन."

मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, उजवीकडे वळवलं आणि मागे टाकलं. तिने घाबरून माझं मनगट पकडलं आणि तोंड उघडलं. मिश्री, तंबाखू, कांदा, दोन दिवस न धुतलेलं तोंड, आणि खोबरेल तेलात भिजून वाळलेला घाम, सगळं एकदम माझ्या नाकावर आलं. मी तोंड फिरवलं. भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं चित्र होतं, गोगलगाईसारखं, त्याच्याकडे बघत मी श्वास धरून आकडे मोजले.

"फिरतंय गं, फिरतंय! धर मला पोरी, धर!"

ढोंगी असंच ओरडतात, असं माझ्या मनात आलं. तिचं कण्हणं थांबल्यावर मी वळून पाहिलं. डोळे स्थिर होते. ओले, पण सरळ, माझ्याकडे बघणारे. मी तिला उठवून बसवलं आणि हात पुसले.

बाहेर मुकादम उभाच होता. "काय हाय?"

"डोळे सरळ आहेत."

"म्हंजी नाटक?"

मी हो म्हटलं नाही. नुसती मान हलवली. आजवर मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण त्या मान हलवण्याइतकं घाण मी काही केलं नाही.

मंदामावशी पदर डोक्यावर घेत म्हणाली, "तू म्हनतीस तर आसंल बाई. तू शिकल्याली." टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटलं होतं. गाडीवर बसताना तिने मुकादमाच्या खांद्याला धरायचं टाळलं आणि मागच्या लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी धरलं. मी कोपरापर्यंत डेटॉलने हात धुतले. दुपारी पेरूची भाजी होती, ती दोनदा घेतली. मॅडम चारला आल्या, त्यांनी विचारलं, "काही विशेष?" मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली, नवऱ्याबरोबर. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. सकाळी मोळी घेऊन फळीवर चढली, वर ट्रककडे बघितलं, आणि मोळीसकट खाली. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना विचारलं की पडलीस कशी, आणि मग त्यांनीच चिठ्ठी देऊन मॅडमकडे धाडलं. नवरा सडपातळ, खाली मान घालून उभा. मी कपाटाशी होते. मला कापूस सापडेना, जो हातातच होता.

मॅडमनी सगळं नीट विचारून घेतलं. डोक्याला लागलं का, उलट्या झाल्या का, मान दुखते का. मग म्हणाल्या, "आधी कुठे दाखवलं होतं का, या चक्करसाठी?"

वर अण्णांचा टीव्ही. नवऱ्याने तोंड उघडलं, आणि मंदामावशीने डाव्या हाताने त्याच्या सदऱ्याची बाही ओढली.

"न्हाई," ती म्हणाली. "कुटं जानार आमी?"

आणि मी गप्प राहिले. मला सुटल्यासारखं वाटलं, एवढं नीच सुख मी परत कधी अनुभवलं नाही.

"नंदा, पलंगाच्या कडेला ये. डोकं मी धरते, तू डोळे बघ आणि मला सांग."

मॅडमनी तिला झटक्यात मागे घेतलं. तोच वास. मी तिच्या तोंडावर वाकले होते, हातभर अंतरावरून. एक, दोन, तीन. आणि मग ती बुबुळं सुटली. खालच्या कानाकडे, गोल, झटके मारत, वर उसळत, जणू डोळ्यामागे कुणी भोवरा सोडला होता. कुणालाही दिसलं असतं. त्यासाठी शिकायची गरज नव्हती, नुसतं तिकडे बघायची गरज होती. "फिरतायत," मी म्हणाले, "मॅडम, फिरतायत." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आता आमच्याकडे चष्म्यातला कॅमेरा आहे, डोळा हातभर मोठा होऊन पडद्यावर दिसतो, नाक कुणाच्याही तोंडाजवळ न्यावं लागत नाही. नव्या मुली पडद्याकडे बघत काम करतात. मी त्यांना काही सांगत नाही.

"कानाच्या आत खोल बारीक खडे असतात, वाळूसारखे," मॅडम तिला समजावत होत्या. "ते भलत्या नळीत घसरलेत. ते आपण फिरवून जागेवर नेऊ. घाबरू नका." त्यांनी तिचं डोकं डावीकडे वळवलं, थांबल्या. मग तिला कुशीवर घेतलं, तोंड जमिनीकडे, प्लास्टरचा हात सांभाळत. तिथे मंदामावशीला उलटी झाली. भांडं मी घाईत लांब ठेवलं होतं, ते पोचेपर्यंत सगळं माझ्या हातांवर आलं, आंबट, कोमट, कालच्या भाताची शितं असलेलं. मी हात काढले नाहीत. पण माझ्याही घशाशी आलं, हेही लिहून ठेवते.

शेवटी तिला बसवलं. थोड्या वेळाने परत आडवं केलं. डोळे हलले नाहीत.

"थांबलं," ती म्हणाली. छताकडे बघितलं, परत बघितलं. "आगं माय. थांबलं की. एवढंच हुतं?"

एवढंच होतं. चार-पाच मिनिटांचं काम. आदल्या दिवशी चारला झालं असतं.

तिला पायरीपर्यंत सोडायला मी गेले. नवरा पुढे रिक्षा बघायला गेला होता. "मावशी, का नाही सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. "तुला काडलं आसतं तर काय केलं आसतंस? आमच्यासंगं फळीवर आली आसतीस? तुज्याच्यानं हुयाचं न्हाई आता." मग थोडं थांबून, हसल्यासारखं करत, "माजा वास येत हुता न्हव काल? तोंड बघितलं मी तुजं. चित्राकडं बघत हुतीस."

म्हणजे तिला आभाळ फिरताना दिसत होतं, आणि त्यातून मी तोंड फिरवलेलीही दिसले होते.

मी आत आले. मॅडम मोरीत हात धूत होत्या. मी दारातच उभी राहून सांगितलं, एका दमात, ती काल आली होती, मी तपासलं, मुकादमाला नाटक आहे म्हणून मान हलवली. पाण्याचा नळ चालूच राहिला.

"तू तिचे डोळे पाहिलेस?"

"नाही."

"का?"

"वास येत होता."

मॅडमनी नळ बंद केला. पंचाला हात पुसले. "मलाही येतो," त्या म्हणाल्या. "रोज येतो. तुझ्या कानाचा आला होता." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, अण्णांशी ओरडायच्या तसं. "आता फडावर जा. मुकादमाला जे सांगितलंस ते चुकीचं होतं म्हण, खरं काय ते सांग. सगळ्यांच्या समोर. त्या बाईला आता टोळीत ढोंगी म्हणत असतील. मग ये."

मग ये. त्या दोन शब्दांना धरून मी चालत गेले, गावाबाहेर, पाटाच्या कडेने, जिथे टोळीच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, होत्या. ऊन उतरत होतं. पाचटाच्या धुराचा वास, बैलांचं शेण, कुत्री. मंदामावशीचा नवरा चुलीशी बसून भाकरी थापत होता आणि टोळीतले बाप्ये त्याला हसत होते. "हातानं थाप की, कोयत्यानं नगं!" ती शेजारी बसून डाव्या हाताने काटवटीत पाणी शिंपत होती. मुकादम बाजेवर.

"आली बया डाक्टरीन," एक बाई म्हणाली.

मी मुकादमासमोर उभी राहिले. दोन वर्षांत सोडलेलं बोलणं आपोआप तोंडात आलं. "तिला चक्कर येत हुती. खरी चक्कर. मी बघितलंच न्हाई तिच्याकडं. मी खोटं सांगितलं."

"काल नाटक, आज खरं?" मुकादम हसला. "तुमचं मशीन रोज येगळं बोलतंय व्हय?"

"मशीन नव्हतं. मीच हुते. ती पडली ती माज्यामुळं."

हसणं थांबलं. कुणीतरी थुंकलं, माझ्याकडे नाही, बाजूला, पण थुंकलं. नवऱ्याने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलं. कपाटाशी मी उभी होते तेव्हा त्याने बघितलं नव्हतं. तो शिवी देईल असं वाटलं. त्याने भाकरी उलटली. मुकादम बाजेवरून उठला, मोबाईल चाचपत म्हणाला, "हात बरा हुईस्तवर मोळ्या दुसरं कुनी चढवंल. ऱ्हाऊ दे त्यांना." एवढं बोलून तो गेला. मला वाटलं, झालं, आता आपणही निघावं.

"बस," मंदामावशी म्हणाली. "भाकर खाऊन जा. त्यानं केलीय, जाड हुईल, गिळ."

तिने डाव्या हाताने भाकरी मोडली, वर मिठाचा खडा आणि मिरचीचा गोळा ठेवला, आणि तोच हात साडीला पुसून माझ्यापुढे धरला. नखात काळं होतं. भाकरीवर राख होती. सगळी टोळी बघत होती. मी बसले आणि खाल्ली, पूर्ण, एकेक घास चावून. तिने अजून अर्धी दिली, तीही खाल्ली. पाणी प्यायले.

परत येताना कोप्या दिसेनाशा झाल्या तिथे मी पाटाच्या कडेला बसले आणि सगळं ओकून टाकलं. मग पाटात तोंड धुतलं आणि राहात्याची वाट धरली.